'कॅटमरान उलटत नाही' हे वाक्य कृपया दुरुस्त करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या समुद्रसफरींवर जो लेख आला होता तो मी इथे ऑकलंडला ई-पेपरवर वाचला. लेख छान होता, फोटोही सुंदर, पण त्यात एक वाक्य होतं की कॅटमरान ही शिडाची बोट शेजारी शेजारी जोडलेल्या दोन बुडांची असल्यामुळे उलटत नाही, त्यामुळे वादळी वाऱ्यातही निर्धास्त राहता येतं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून भाच्याचा फोन आला, मावशी, आम्ही सहाजण मे अखेरीला लंकावीहून फुकेतला कॅटमरान भाड्याने घेऊन जातोय, पेपरातच आलंय की ती उलटत नाही, तू आईला सांग ना जरा. आईला काय सांगणार, मी त्यालाच तासभर सांगत बसले, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की त्याच्यासारख्या अजून कितीजणांनी तो लेख वाचून बुकिंग केलं असेल, त्यांना कोण सांगणार.

मी मूळची मालवणची. बाबांची होडी होती, एका बाजूला उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून जोडलेला तरंगता ओंडका, बांधलेली, आणि त्या उलांडीवर बसूनच मी समुद्र शिकले. कॅटमरान हा शब्दही आपल्याच बाजूचा आहे, तमिळमधल्या कट्टुमरम वरून आलेला, म्हणजे बांधलेले ओंडके. गेली २२ वर्षं न्यूझीलंडमध्ये आहे आणि त्यातली ११ वर्षं नवरा आणि मी आमच्या ३८ फुटी, २१ फूट रुंद कॅटमरानवर दर हिवाळ्यात (इथला हिवाळा जून ते ऑगस्ट) वर फिजी-टोंगाला जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत येतो. माझं या बोटीवर मनापासून प्रेम आहे, मी कॅटच्या विरोधात अजिबात नाही, म्हणून तर हे सगळं सांगतेय.

आधी ती उलटत नाही असं का वाटतं ते सांगते. साध्या एका बुडाच्या शिडाच्या बोटीला खाली जड कील असते, शिशाची किंवा लोखंडाची, बोटीच्या वजनाच्या तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. वारा वाढला की ती बोट कलते, कलली की शिडावरचा वारा सांडून जातो, आतले डबे घरंगळतात, माणसं भिंतीला पाय लावून उभी राहतात, म्हणजे बोट ओरडून सांगते की शीड कमी कर. पार आडवी झाली तरी खालच्या वजनाने बहुतेक वेळा परत उभी राहते. कॅटमरानला ते वजनच नाही. ती उभी असते फक्त रुंदीच्या जोरावर. उलटण्याला तिचा विरोध सगळ्यात जास्त असतो तो वाऱ्याकडचं बूड पाण्यातून उचललं जाण्याच्या क्षणी, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा अंशाच्या कलंडण्यावर, आणि त्याच्यापुढे तो विरोध कमी कमी होत जातो. आणि एकदा उलटली की ती उलटीच स्थिर राहते, जशी सरळ राहत होती तशीच.

म्हणजे धोका वाढत असताना कॅट काहीच सांगत नाही. टेबलावरचा चहा सांडत नाही. आणि वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, १५ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) वारा ३० नॉट झाला तर शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. एक बुडाच्या बोटीत तो जोर कलण्यात थोडातरी जातो, कॅटमध्ये सगळा डोलकाठीवर, दोरांवर आणि पुढच्या टोकांवर येतो.

आमच्यावर आलेला प्रसंग सांगते, कारण पुस्तकातलं वाचून कोणाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. फिजीहून न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडच्या ओपुआ बंदराला येत होतो, सात-आठ दिवसांचा प्रवास, न्यूझीलंड दोनेक दिवसांवर राहिलं होतं. इथे पश्चिमेकडून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे सरकत असतात, पट्टा यायच्या आधी वायव्येचा वारा वाढत जातो आणि पट्टा गेला की एकदम नैर्ऋत्येचा, गार आणि जोराचा. हे आम्हाला माहीत होतं, फोरकास्टमध्येही होतं. संध्याकाळी २२ नॉट होता, मागून, उजव्या खांद्यावरून. मोठ्या शिडाला एक रीफ घातलेली होती, म्हणजे शीड एका पट्टीने आखडलेलं, आणि जिब, म्हणजे डोलकाठीच्या पुढचं शीड, पूर्ण उघडी. नवरा म्हणाला दुसरी रीफ घालूया का झोपायच्या आधी. मी म्हटलं राहू दे, बोट किती छान चाललीय, बघूया. तो शब्द मी म्हटला, बघूया.

रात्री तीनला माझा पहारा. मीटरवर वारा १३-१४ नॉट दिसत होता, कारण बोट स्वतः नऊ नॉटने वाऱ्याच्याच दिशेने पळत होती, तेवढा वारा वजा होतो. म्हणजे खरा वारा २३ आणि अंगाला लागतोय १४, थंडी पण नाही, मी थर्मासमधला चहा ओतला आणि कप टेबलावर ठेवला. मग उजवीकडे मागे चांदण्या एका सरळ रेषेत विझत गेल्या. मला कळेपर्यंत पाऊस नाही, आधी वाराच आला. बोटीचा स्पीड ११, १४, मग लाटेवरून घसरताना १७. पुढची दोन्ही टोकं आधी वर होती ती खाली गेली, डावीकडचं टोक पूर्ण पाण्यात घुसलं, आणि दोन बुडांच्या मधे पुढे जी जाळी असते तिच्यातून पाणी खालून वर उसळून डोलकाठीच्या बुंध्यापर्यंत आलं. बोट एकदम थबकली, आणि मागचा भाग हलका झाला. सुकाणूचं चाक हातात रिकामं फिरल्यासारखं वाटलं, कारण मागची सुकाणूची पाती पाण्याबाहेर यायला लागली होती. ऑटोपायलटने तोवर हात टेकून अलार्म वाजवायला सुरुवात केली होती.

याला पिचपोल म्हणतात, पुढचं टोक रुततं आणि मागचा भाग वरून पुढे येतो. आमच्या बाबतीत ते घडलं नाही, टोक परत वर आलं. पण ते माझ्या कौशल्याने आलं असं मी म्हणणार नाही, मी फक्त ऑटोपायलट सोडवून चाक धरलं आणि बोट सरळ वाऱ्याच्या पुढे ठेवली. अशा वेळी घाबरून वाऱ्याकडे वळलात की संपलं, कारण जो वारा अंगाला २० वाटत होता तो वळताक्षणी पूर्ण ३८ होऊन आडवा शिडावर आदळतो. हे वाक्य मी भाच्याला तीन वेळा म्हणून दाखवलं. मागून वारा असताना झोत आला तर वाऱ्यापासून दूर, सरळ पुढे पळा. वाऱ्याच्या विरुद्ध वर चढत असाल तर वाऱ्याकडे वळा आणि दोर सैल सोडा. आणि वारा बरोबर बाजूने असेल तर तिथे दोन्ही बाजूला धोका, म्हणून त्या दिशेला असताना मोठ्या शिडाचा दोर हातात घेऊन एक माणूस बसलेलाच हवा, फक्त क्लीटमध्ये, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीत, अडकवून गप्पा मारत नाही.

नवरा वर आला, त्याने जिब गुंडाळली, आणि मग मोठं शीड उतरवायला लागलो तर ते उतरेना. मागून वारा असला की शीड पुढे जाऊन डोलकाठीच्या तारांवर दाबून बसतं, आतल्या लांब पट्ट्या तारांत अडकतात, रीफचा दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रावर, घेऊन एकेक वीत शीड खाली ओढायचं, थांबायचं, एक लाट जाऊ द्यायची, परत ओढायचं. पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत मी चाक सोडू शकत नव्हते आणि तो एकटा, कमरेला पट्टा बांधलेला, डोलकाठीशी. कप मात्र टेबलावर होता तिथेच होता, चहा भरलेला. मी तो कप कधी विसरणार नाही.

तेव्हापासून आमच्या बोटीवर नियम लिहून चाकाशेजारी चिकटवलेत आणि त्यावर चर्चा नाही. खऱ्या वाऱ्याचा झोत १८ नॉटला लागला की पहिली रीफ, २४ ला दुसरी, ३० ला तिसरी. झोत म्हणजे सरासरी नव्हे. एक बुडाच्या बोटीवर लोक सरासरी वारा बघून शीड ठरवतात, कॅटवर सगळ्यात जोराचा झोत बघून ठरवायचं. हे आमच्या बोटीचे आकडे आहेत, तुमच्या बोटीचे वेगळे असतील, बहुतेक बनवणाऱ्यांनी त्यांच्या मॅन्युअलमध्ये तसा तक्ता दिलेला असतो, तो शोधा. आणि मागून वारा वाढणार असं दिसलं की आम्ही मोठं शीड आधीच पूर्ण उतरवतो आणि छोट्याशा जिबवर पळतो, जिब गुंडाळायला दोन मिनिटं लागतात. अंधार पडायच्या आधी एक रीफ जास्तीची. बाबा म्हणायचे, "वारो येवच्या आदी शीड उतरवूक व्हया," आणि मला ते पाठ होतं, तरी त्या संध्याकाळी मी बघूया म्हटलं.

आता खरं वादळ, म्हणजे ४०-५० नॉटच्या वरचं, जिथे शीड किती ठेवायचं हा प्रश्नच राहत नाही कारण उघड्या डोलकाठीवरही बोट आठ-दहा नॉटने पळते. (आपलं हवामान खातं ३४ नॉट, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ म्हणतं, म्हणजे अंदाज येईल.) माझ्या मते इथे कॅटवाल्याचं एकच काम उरतं, बोटीचा वेग कमी करणं आणि लाटांना आडवं न होणं. फुटणारी लाट साधारण बोटीच्या रुंदीइतकी उंच असेल आणि ती बाजूने लागली तर कॅट उलटू शकते, आणि ४०-५० नॉटचा वारा दिवसभर वाहिला तर २०-२१ फुटी लाट काही विशेष नाही. त्यामुळे शिडं उतरवून, इंजिन बंद करून, बोट जशी वळेल तशी सोडून द्यायची आणि आत जाऊन झोपायचं, हे जे काही जण सांगतात ते मला अजिबात पटत नाही. ज्यांच्या कॅटला खाली-वर होणारे डॅगरबोर्ड, म्हणजे बुडातून पाण्यात सोडायच्या फळ्या, आहेत त्यांनी ते वर घ्यावेत म्हणजे लाट लागल्यावर बोट अडखळण्याऐवजी बाजूला सरकते, तो थोडा उपयोग आहे, पण त्यावर रात्र काढायची म्हणजे नशिबावर काढणं.

वेग कमी करायची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे मागे लांब, जाड दोर सोडणं. सुहेली नावाची बोट, जी आपल्या मुंबईत बांधली गेली आणि जिने १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्या माणसाला घेऊन न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही दक्षिण महासागरात दोर मागे सोडूनच तगली. त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे सिरीज ड्रोग. १९७९ च्या फास्टनेट या इंग्लंडमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात १५ खलाशी गेले, त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन नावाच्या अमेरिकन विमान-इंजिनिअरने यावर काम केलं. एका लांब दोरावर कापडाचे शंभराहून जास्त छोटे शंकू, प्रत्येकाचं तोंड साधारण पाच इंच, वीस-वीस इंचांवर, आणि शेवटच्या टोकाला साखळीचं वजन. एकच मोठी छत्री असली तर ती लाटेच्या मधे सैल पडते आणि मग एकदम हिसका देते, शंभर शंकूंमध्ये काही तरी कायम पाणी धरून असतात म्हणून ओढ सारखी राहते. बोट दीड ते तीन नॉटवर येते आणि पाठ लाटेकडे ठेवते.

आमचा ड्रोग मी घरी शिवला. ११६ शंकू. एक अख्खा हिवाळा जेवणाच्या टेबलावर नायलॉनचे तुकडे आणि कात्री, प्रत्येक शंकूला तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टी दोराच्या पिळातून ओवून गाठ मारायची, आणि एका वेळी सात-आठच्या वर होत नाहीत कारण बोटं सोलून निघतात. बाबांना जाळं विणताना बघितलं होतं तसंच बसून केलं. विकतही मिळतो, पण शिवल्यामुळे त्याचा प्रत्येक टाका मला माहीत आहे आणि त्या रात्रीनंतर मला तेच हवं होतं.

कॅटवर हा दोर एका जागी बांधायचा नसतो, मागच्या दोन्ही बुडांच्या टोकांपासून दोन पाय येऊन मागे एकत्र मिळतात, त्याला ब्राइडल म्हणतात. इथे कॅटची रुंदी खरोखर कामाला येते, दोन टोकं एकमेकांपासून २० फूट लांब असल्यामुळे बोट इकडे-तिकडे वळूच शकत नाही, एक बुडाच्या बोटीपेक्षा कितीतरी सरळ राहते. पण साध्या क्लीटला बांधला तर क्लीट उपटून येईल, ओढा काही टनांचा असतो, त्यासाठी बुडाला आरपार बोल्ट केलेल्या जाड स्टीलच्या पट्ट्या आधीच बसवून घ्याव्या लागतात, वादळ आलं म्हणून त्या दिवशी बसवता येत नाहीत. आणि जिथे दोर कशालाही घासतो तिथे तो घासून घासून तुटतो, रात्रीत. आम्ही पहिल्यांदा वापरला तेव्हा १९ तास त्यावर होतो आणि सकाळी बघितलं तर डावीकडच्या पायाचं वरचं वेष्टण निघून आतले धागे कापसासारखे फुललेले, जेमतेम एक बोटभर जागा, शिडीच्या खालच्या पायरीला लागत होती. ती जागा आता आम्ही गोल करून घेतलीय आणि दोरावर फायर ब्रिगेडच्या पाइपचा तुकडा चढवलाय. परत ओढून घ्यायला तीन तास लागले हेही सांगते, म्हणजे कोणी दमलेला असताना ते हातात घेणार नाही.

दुसरा मार्ग पॅरा-अँकर, म्हणजे पाण्यातली मोठी छत्री, ती पुढून सोडायची आणि तोंड लाटेकडे करून उभं राहायचं. चाळीस फुटी कॅटला १८ फूट व्यासाची तरी छत्री आणि शंभर मीटरच्या वर दोर लागतो, तोही दोन बुडांवरून ब्राइडल करून, आणि सुकाणू मधोमध बांधून ठेवायचं, नाहीतर बोट मागे ढकलली जाताना पाती मोडतात. जवळ किनारा असेल, मागे पळायला जागा नसेल तर हाच मार्ग. मला स्वतःला ड्रोग आवडतो, पण आमच्या कॅटचा मागचा दरवाजा लहान आणि मजबूत आहे, ज्यांच्या बोटीला मागे भलीमोठी काचेची सरकती दारं आहेत त्यांनी मागून येणारी लाट त्या काचेवर फुटली तर काय याचा विचार करून ठरवावं. हल्लीच्या बऱ्याच कॅट बघायला हॉटेलच्या खोलीसारख्या असतात, बंदरात फार छान वाटतं.

इथल्या लोकांच्या मनात या बाबतीत १९९४ चं जूनमधलं वादळ कायम आहे. न्यूझीलंडहून टोंगाला बऱ्याच बोटी एकत्र निघाल्या होत्या, चक्रीवादळाचा मोसम संपलेला, आणि फिजीच्या बाजूला तयार झालेला कमी दाबाचा पट्टा बघता बघता इतका खोल झाला की त्या थेट मधे सापडल्या. क्वार्टरमास्टर ही बोट तीन माणसांसकट गेली. २१ जणांना विमानं आणि जहाजांच्या मदतीने वाचवलं. एक बुडाच्या काही बोटी पूर्ण कोलांटी खाऊन डोलकाठ्या मोडून बसल्या. तिथे रामथा आणि हार्टलाइट या दोन कॅटमरानही होत्या आणि त्या दोन्ही उलटल्या नाहीत. रामथाचं सुकाणू गेलं होतं, तिच्यावरच्या दोघांना नौदलाच्या मोनोवाई जहाजाने दोराने ओढून घेतलं, आणि रामथा नंतर सापडली तेव्हा तरंगतच होती. कॅटचे चाहते हे उदाहरण नेहमी देतात की बघा, उलटली नाही. मी त्यातून वेगळं घेते. दोन बोटींवरून नियम करता येत नाही, पण बोट माणसांपेक्षा जास्त टिकते हे मात्र त्यातून दिसतं. माणसं थकतात, दोन-दोन रात्री न झोपता चुका करतात. म्हणून वादळ यायच्या आधी जेवण करून डब्यात भरून ठेवणं आणि एकाने सक्तीने झोपणं याला मी शिडाइतकंच महत्त्व देते.

आणि उलटा किस्साही सांगते. २०१० मध्ये टोंगाहून नियूला जाणारी ॲना नावाची ५७ फुटी कॅटमरान, चांगली बांधलेली, अनुभवी माणसं, एका स्क्वॉलमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या वादळी झोतात, उलटली. वारा विशीतून साठीच्या वर गेला, काही मिनिटांत. म्हणजे मोठी बोट, चांगली बोट, जाणकार माणूस, तिन्ही असून उलटू शकते. तिच्यावरचे दोघे उलट्या बोटीबरोबरच राहिले, ईपर्ब, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीची हाक पाठवणारं यंत्र, चालू केला आणि जहाज येऊन त्यांना घेऊन गेलं.

हे बोटीबरोबर राहणं फार महत्त्वाचं आहे. कॅटमध्ये जड कील नाही म्हणून ती परत सरळ होत नाही, पण जड कील नाही म्हणूनच ती सहसा बुडतही नाही. १९८९ च्या जूनमध्ये रोझ नोएल ही तीन बुडांची बोट न्यूझीलंडच्या बाहेर लाटेने उलटली आणि तिच्यावरचे चारजण त्या उलट्या बोटीत ११९ दिवस जगले, पावसाचं पाणी धरून, मासे मारून, आणि शेवटी ग्रेट बॅरिअर बेटावर वाहत येऊन लागले. ते इतके धडधाकट दिसत होते की सुरुवातीला लोकांचा विश्वासच बसला नाही. उलट फास्टनेटला २४ बोटी माणसांनी सोडल्या आणि त्यातल्या बुडाल्या फक्त पाच, काहीजण लाइफराफ्टमध्ये, म्हणजे फुगवायच्या तराफ्यात, उतरले म्हणून दगावले. आमच्या बोटीच्या पोटाखाली नारिंगी रंगाचा मोठा पट्टा मारलाय, विमानातून उलटी दिसावी म्हणून. ईपर्ब, पाण्याचे कॅन, टॉर्च हे सगळं अशा जागी बांधलंय की बोट उलटी झाली तरी हाताला लागेल. बुडाच्या आतल्या बाजूला जी सुटकेची खिडकी असते ती बोट सरळ असताना समुद्रात चुकूनही उघडायची नाही, आणि उलटल्यावरही उगाच उघडायची नाही, कारण आत अडकलेली हवा निघून जाते आणि बोट अजून खाली बसते.

पुढच्या जाळीबद्दल एकच. उन्हाने तिचे दोर आतून कुजतात, वरून ठीक दिसतात. नखाने दाबून बघा, पावडर निघाली तर त्यावर पाय ठेवू नका. आणि वजन. कॅट मोठी दिसते म्हणून लोक त्यात जनरेटर, वॉशिंग मशिन, डायव्हिंगचे सिलिंडर भरतात, मग ती खाली बसते, पुढची टोकं लवकर रुततात आणि दोन बुडांमधल्या तळाला लाटा असे दणके देतात की आतला माणूस बसल्या जागी उडतो.

आता भाच्यासारख्यांसाठी, म्हणजे भाड्याने घेणाऱ्यांसाठी. मलाक्काच्या सामुद्रधुनीत एप्रिल ते नोव्हेंबर सुमात्रा नावाचे स्क्वॉल येतात, जास्त करून रात्री आणि पहाटे, सुमात्राच्या बाजूने काळी कमान उठते आणि तासाभरात सगळं होऊन जातं. भाड्याच्या बोटीवर ड्रोग सहसा नसतोच, त्यामुळे तुमचा वादळाचा प्लॅन म्हणजे बंदरात राहणं, दुसरा नाही. बोट ताब्यात घेताना स्किपरला विचारा की रीफचा तक्ता कुठे आहे, आणि धक्क्याला बांधलेली असतानाच एकदा रीफ घालून दाखव म्हणा. त्याने आढेवेढे घेतले तर ती बोट घेऊ नका, पैसे गेले तर गेले. परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी बोट परत करायची ठेवू नका, दोन दिवस हातात ठेवा, कारण विमान गाठायच्या घाईत निघालेली माणसं मी स्वतः बघितलीत. आपल्याकडे गोवा-मुंबई पट्ट्यात शिडाची बोट घेणाऱ्यांनाही हेच. अरबी समुद्रात वादळाचे दोन मोसम, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि दुसरा लोक विसरतात. निसर्ग ३ जून २०२० ला आलं ते सगळ्यांना आठवतं, पण फयान आलं होतं ११ नोव्हेंबर २००९ ला, पावसाळा संपून दर्या शांत झालाय असं वाटत असताना, आणि कोकणातल्या किती घरांतली माणसं तेव्हा मासेमारीला गेली ती परत आली नाहीत, आमच्या बाजूला विचारा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, फोनमध्ये सेव्ह करा, आणि व्हीएचएफ १६ वर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या संकटाच्या चॅनेलवर, कसं बोलायचं ते बोटीवरच्या निदान दोघांना यायला हवं, फक्त स्किपरला नाही, कारण पाण्यात पडणारा कदाचित स्किपरच असेल.

न्यूझीलंडमध्ये नोंदलेली बोट देशाबाहेर न्यायची असेल तर आधी तपासणी होऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ड्रोगपासून जॅकलाइनच्या, म्हणजे कमरपट्टा अडकवायला डेकवर ताणलेल्या पट्ट्याच्या, टाक्यांपर्यंत सगळं बघतात, आम्ही दर वेळी कुरकुरतो आणि दर वेळी काहीतरी सापडतंच. मागच्या वर्षी माझ्या स्वतःच्या कमरपट्ट्याचा हूक सापडला, त्याची स्प्रिंग मिठाने अडकली होती आणि तो बंद झाल्यासारखा दिसत होता पण होत नव्हता. त्या हुकावर मी आदल्या मोसमात रात्रीचे पहारे केले होते.

पत्र लांबलं, जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण ते मागून वाऱ्यात वळण्याचं आणि बोटीबरोबर राहण्याचं तेवढं ठेवा. आणि पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, दोन ओळींची दुरुस्ती छापा की कॅटमरान उलटू शकते आणि उलटली की परत सरळ होत नाही. भाचा २६ तारखेला निघतोय. त्याच्या बरोबरचे बाकीचे पाचजण तुमचाच पेपर वाचतात.

आपली,
एक वाचक
ऑकलंड (मूळ गाव मालवण)